ओहोटीची वेळ

सातचा डोस द्यायचा नाही, असं कागदावर लिहिलंय.
आधी रक्त, मग औषध.
रात्रीचं औषध ओसरत ओसरत
तळाला टेकतं, तेव्हाच मोजायचं.
पहिल्यांदा ओतिलिया नर्सने सांगितलं
तेव्हा मला काही कळलं नव्हतं.
मग तिनेच विचारलं,
अगं, शिंपल्या वेचायला कधी उतरता तुम्ही?
ओहोटीला.
मग तसंच. भरतीचं पाणी बघून
कुणाला कळतं, खाली काय उरलंय?

आज धुकं.
साडेसहाची लाँच आठ वाजले तरी नाही.
धक्क्यावर बटाट्याची पोती, पाय बांधलेली एक मेंढी,
आणि माझा निकानोर
मेंढीच्या कानात काहीतरी सांगतोय.
पिशवीत सिरपची बाटली, बिनसुईची सिरिंज.
दोनदा हात झाकणापर्यंत जाऊन परत आला.
दिलं, तर आजची खेप फुकट.
नाही दिलं, तर
हा धक्का, हे शेवाळलेले दगड,
आणि त्याचं डोकं.

मी त्याच्या पापण्यांवर नजर ठेवून बसते.
हल्ली सगळ्यांच्याच पापण्या बघते मी,
दुकानदाराच्यासुद्धा.

लाँचवाला उलिसेस म्हणाला,
पोराला मध्ये बसवा, कडेला नको.
म्हणजे त्यालाही माहीत आहे.
बेटावर काय लपतं!

कास्त्रोच्या इस्पितळात पोचलो तेव्हा साडेदहा.
ओतिलियाने दंडाला रबर बांधला.
माझं औषध ह्यात पोहतंय? त्याने विचारलं.
तेच तर बघायचंय, ती म्हणाली,
आणि नळी भरली, काळपट, दोन चमचे.
दहा चाळीसला मी त्याच्या तोंडात सिरप सोडलं.
त्याने नेहमीचं तोंड केलं.
तेव्हा कुठे मला भूक लागली.

नऊ दिवसांनी आकडा आला. एकतीस.
पन्नासच्या वर हवा होता.
नव्या डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं,
डोस चुकतात का?

सरळ प्रश्न होता. तरी माझे कान तापले.
खताच्या दुकानाचं कॅलेंडर काढून
मी त्यांच्या टेबलावर पसरलं.
रोज दोन फुल्या, एक सकाळची, एक रात्रीची.
भाऊ बुडाला, त्या रात्रीच्याही दोन.
बाईंनी महिना उलटला, आणखी एक उलटला.
मग म्हणाल्या, तीन तासांचा उशीर धरला
तरी कमीच आहे.
बूट काढ रे, काट्यावर उभा राहा.

वीस किलो.
जुन्या कागदावर, गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, सोळा.

औषध तेवढंच आहे, बाई म्हणाल्या. मुलगा वाढला.

स्वेटरच्या बाह्या मी दोनदा उसवून लांबवल्या होत्या.
पायमोजे धाकट्याला गेले.
सिरिंजवरची रेघ मात्र
देवाने आखल्यासारखी जिथल्या तिथे.
ओतिलियाने पेनने नवी मारली, जरा वर,
आणि तिच्यावर चिकटपट्टी लावली, पुसू नये म्हणून.

परतताना पाणी पार उतरलेलं.
लाँच पायऱ्यांपर्यंत जाईना, उलिसेसने चिखलातच सोडलं.
मी निकानोरला उचललं
आणि दहा पावलांवर थांबले. जड.
रोज उचलते, म्हणून हातांना कळलं नव्हतं.
खाली ठेव ना, तो म्हणाला, मी चालतो.

ठेवलं.
चिखलात त्याच्या बुटांचे ठसे उमटत गेले,
आणि मी मागून, पिशवी छातीशी धरून,
त्याच्या मानेकडे बघत.
तीन आठवड्यांनी पुन्हा.
सातचा डोस द्यायचा नाही.