कोरं

आज पाण्याची पाळी नाही.
चार दिवसांपूर्वी भरलेल्या पिंपातून
एक तांब्या चित्रांसाठी.
बायको मोजून देते, मी मोजून घेतो.

एप्रिलात इथे वॉश पसरायच्या आतच वाळतो,
सिद्धेश्वर तळ्याचा निळा काठाला पोचत नाही,
बुरुजावर नको तिथे कड धरून बसतो.
पूर्वी मी कागदावर चिडायचो.

रविवारी पाच मुलं येतात.
शेजारच्या मागाची खटखट भिंतीतून येते,
ब्रश नकळत तिच्या ठेक्यात चालतात.
गड्डमांचा नरसू म्हणाला,
"सर, पांढरा द्या, बगळा राहिला."
म्हटलं, पांढरा आपल्याकडे नसतो रे,
तो आधीच राखायचा.

"म्हणजे नानांसारखं," तो म्हणाला,
"रंगाच्या हौदात सूत बुडवायच्या आधी
ते थोडं कोरं बाजूला काढतात,
चादरीतल्या मोरासाठी."

वीस वर्षं शिकवतोय.
इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

तांब्यातलं गढूळ पाणी
संध्याकाळी शेवग्याला घातलं.

पुढच्या रविवारी नरसूचं तळं:
सगळीकडे निळा, मधे तळहाताएवढी जागा मोकळी.
"बगळा?"
"ठरलं नाही अजून, सर."