डावी टाच

फॉर्मवर 'पूर्वानुभव' असा एक रकाना होता.
मी लिहिलं : नाही.
मग खोडून लिहिलं : शाळेत लेझीम.
रेवणसिद्ध बिराजदारनं वाचलं, हसला नाही,
म्हणाला, चप्पल बाहेर काढ बे, आणि आत येताना वाक.
कुणाला?
हॉलला.

बॅडमिंटनचा हॉल, वर पत्रा.
सव्वासहालाच मार्चमधलं सोलापूर
पत्र्यावर येऊन बसलेलं असतं.

कोरबू सर फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट.
त्याआधी अकरा वर्षं जपानात, मागांचे फिटर.
येताना त्यांनी आणलं एक चिलखत,
बांबूच्या चार तलवारी,
आणि गप्प बसायची एक पद्धत :
गुडघे दुमडून, डोळे मिटून,
मुंग्या पोटऱ्यांपर्यंत चढल्या तरी.

चिलखत सहा महिन्यांनी.
तलवार तीन आठवड्यांनी.
आधी पाय.
उजवा पुढं, डावा मागं, डावी टाच उचललेली.
'तिच्याखालून एक उत्तरपत्रिका सरकली पाहिजे,' सर म्हणतात,
'पास असो की नापास.'

तीन आठवडे मी नुसती सरकले.
चालणं नाही ते.
फरशीला न दुखवता पुढं जाणं, आणि फरशीनं मात्र
तळव्याचं कातडं रुपयाएवढं काढून घेणं.

तलवार म्हणजे चार कांबी, एक दोरी, थोडं कातडं.
कांब चिरली की पॉलिश पेपरनं घासायची, तेल लावायचं.
जपानी तेल संपलं त्याला दोन वर्षं झाली,
आता शेंगदाण्याचं.
घाम आला की सगळ्या हॉलला चटणीचा वास सुटतो.
शिरस्त्राणाखाली डोक्याला बांधायचा पंचा,
तेवढा एक आमच्या गावाला कमी नाही.

मग आवाज.
जिथं मारायचं तिचं नाव घेऊन ओरडायचं :
मेन म्हणजे डोकं, कोते मनगट, दो बरगडी.
माझ्या तोंडून आला हजेरीला येतो तेवढा.
'हजर आहेस, कळलं,' रेवणसिद्ध म्हणाला,
'आता मार.'

त्याला कसं सांगू
की हळू बोलणं मी कमावलंय.
अशोक चौकाच्या मागं, आठ मागांच्या शेडला लागून
आमच्या दोन खोल्या.
मीठ दे, ही तिथं आरोळी असते.
बारावीनंतर मी आवाज घासून घासून बारीक केला,
बँकेच्या खिडकीपाशी, मैत्रिणींच्या हॉलमध्ये,
पुढं इंटरव्ह्यूला उपयोगी पडेल म्हणून.

मे महिन्यात एका सकाळी
सरांनी स्वतः चिलखत चढवलं.
'म्याकल, ये.'
जाळीमागं डोळे दिसेनात.
मी तलवार उचलली, सरकले, तोंड उघडलं
आणि बाहेर पडलं ते मेन नव्हतंच :
आपू!

धागा तुटला की नायना मागांच्या खडखडाटावरून
पलीकडच्या पोराकडे फेकतात, तो शब्द.
थांबव.

सर खरोखर थांबले.
अकरा वर्षांचा फिटर त्यांच्यात जागा झाला,
त्यांचा हात झटकन बाजूला गेला,
जिथं मागाचं हँडल असायला हवं होतं
आणि नव्हतं.
तेवढ्यात मी डोक्यावर मारलं.

अख्खा हॉल फुटला हसून.
सर वाकले. मीही वाकले, जरा जास्तच.
'शब्द चुकीचा,' म्हणाले,
'पण पोटातून आला.'

मेन मला अजून नीट म्हणता येत नाही.
चिलखताला चार महिने आहेत,
आणि माझ्या आधी दोघांचा नंबर.

संध्याकाळी तव्यापुढं उभी असते.
आई दारातून ओरडते, पायाला काय लागलंय गं?
खाली बघते तर डावी टाच वर.
काही नाही, म्हणते मी.
शेड चालू असते. तिला ऐकू जात नाही.
मग परत म्हणते,
पोटातून.