गुरुवारचं पाणी

कुलपात खोबरेल ओतून
पिएदादच्या पायरीवर बसून राहिले.
ती म्हणाली, घाई करू नकोस बाये,
तीन वर्षं मिटलेलं तोंड
लगेच उघडत नाही.

रिवणात शिमगा संपून चार दिवस झालेत.
रस्त्याच्या खडीत गुलाल अजून आहे,
आणि काजूच्या बोंडांचा तो आंबूस दर्प,
जो मडगावच्या पोस्टात
डिंकाच्या बाटलीमागूनही
दर मार्चमध्ये मला गाठायचा.

दार उघडलं. काही कोसळलं नव्हतं.
वाळवीने कॅलेंडर खालून खात आणलेलं,
बारा महिन्यांचे शेवटचे पंधरवडे तेवढे गेले,
पहिली तारीख बारा वेळा शाबूत.
मीटरच्या पेटीत कोतीच्या माश्या.
मेणाची एक नळी, पेनच्या टोपणाएवढी,
तिच्यातून ये-जा चाललेली.
वायरमन आदेलिनो म्हणाला, काढून टाकू?
नांगी नाही त्यांना, मी म्हटलं,
दुसरी पेटी लाव.
दोन रात्री मेणबत्तीवर काढल्या.

मग कुळागरात उतरले,
वाळलेल्या पोफळी बघायची तयारी करून.
पायाखालची माती
ओली होती.
जायफळ जिवंत. मिरीचा वेल
सुपारीच्या गळ्यापर्यंत चढलेला.
सुरंगीखाली सडा, वेचायला कोणी नव्हतं,
मुंग्याच पिवळ्या झालेल्या.

मेरेवर बोमो वेळीप उभा होता,
हातात कोयता, आत पाऊल न टाकता.
म्हणाला, तुमचा गुरुवार
नुसता ओहोळाला जात होता.
वळवला मी.
त्याच्यामागे त्याची रोपं,
ऐंशी असतील, कमरेएवढी,
तुमच्या गुरुवारावर वाढलेली,
हे तो बोलला नाही.
पाटाला फुटलेल्या झिरपातून
माझं जगलं, हेही नाही.

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मनीऑर्डरी मोजल्या मी.
हिशेब येतो मला:
दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत बारा तास,
माझी झाडं एकशे चाळीस,
त्यातली कितीतरी म्हातारी.
त्याच्या रोपांना आणखी दोन उन्हाळे
पाणी लागेल. नंतर कमी.
आकडे मनात मांडत होते, तेवढ्यात
तो म्हणाला, गुरुवार तुमचा आहे,
आणि गेला.
हे त्याने फार सोपं करून टाकलं,
मला राग आला.

गुरुवारी पहाटे खोरं घेऊन पाटावर गेले.
चिखलाचा बोळा हाताने काढला.
पाणी आलं ते आधी कचरा घेऊन,
पोफळीची झावळी, एक बाटलीचं बूच,
मग नुसतं पाणी.
एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात
जात राहिलं, मी मागे मागे,
साडी गुडघ्याशी खोचून,
पोस्टातल्या कुणी पाहिलं असतं तर!

दुपारी चॅपेलची घंटा झाली.
माझ्या बाजूचं तोंड बुजवलं,
बोमोच्या बाजूचं उघडलं.
तो आला नव्हता.
बोलावलं नव्हतंच मी.
पाणी वळलं
वाट ठाऊक असल्यासारखं,
पहिल्या रोपाशी गोल फिरलं,
पुढे गेलं.

पाय न धुताच घरात आले.
जमिनीवर पावलं उमटली,
ती सुकेपर्यंत बघत बसले.
पेटीतून एक माशी आली,
ओल्या टाचेच्या कडेला बसली,
प्यायली.