छाट

सत्यव्वा येमूल, वय एकसष्ट,
विडी घरकुलातलं शेवटून तिसरं दार.
मी टॅबलेट पुढं धरून वाचलं:
'संगणकीय निर्णयप्रणालीचा आपल्या मूलभूत हक्कांवर झालेला परिणाम.
एक ते पाच यांपैकी एक आकडा निवडा.'

तिनं सुपातून मान वर केली नाही.
ओल्या फडक्यातलं पान काढलं,
पत्र्याच्या मापावर ठेवून कात्री फिरवली,
मग विचारलं,
'पाच म्हंजे जास्त दुखतंय का कमी?'

फॉर्ममध्ये ते दिलेलं नव्हतं.

मार्चपासून तिचं रेशन बंद आहे.
का, ते दुकानदाराला माहीत नाही.
कचेरीतल्या बाईंनाही नाही. त्यांनी फक्त स्क्रीन वळवून दाखवली,
लाल ठिपका, शेजारी एक शब्द: अपात्र.
'मी नाही केलं मावशी, सिस्टिमनं केलं.'
दोघी हात जोडून उभ्या, एकमेकींसमोर.

कारण आम्हीच शोधलं, अंदाजानं.
भिंतीपलीकडच्या खोलीत भाडेकरूचे दोन माग,
टॉवेलचे. आणि मीटर एकच, तिच्या नावावर.
एवढे युनिट जाळणारी बाई गरीब कशी असेल?
हिशेब चुकला नाही त्याचा.
फक्त भिंत दिसली नाही त्याला,
आणि रात्री अकरापर्यंत तिच्या उशाला चालणारी
ती खटक-खटक.

मी खाजगीपणाच्या रकान्यावर आले.
ती दाराकडं बघून हसली. दाराला पडदाच नव्हता.
'मीटर बोलतंय की माज्याबद्दल,
मला न इचारता.'
हे कुठल्या आकड्यात बसवू?

मग तिनं कात्री खाली ठेवली.

'कारखान्यात चेकर असायचा, मल्लेशम.
कट्टा मुठीत धरून अंगठ्यानं दाबायचा,
ही पोकळ, ही वाकडी, ही छाट.
हजारात शंभर छाटायचा.
छाटल्याली इडी परत न्हाई द्यायचे आणि मजुरीबी न्हाई.
आमी भांडायचो. त्याच्या आईचं नाव घिऊन भांडायचो.
एकदा मी त्याच्याच टेबलावर
छाटल्याली इडी सोलून दावली.
दोरा काढला, पान उलगडलं,
बग म्हटलं, बग तंबाखू, कुठाय पोकळ?
सगळ्या बाया बघायलेल्या.
चाळीस परत टाकल्या त्यानं माज्या सुपात, गुमान.

हरामखोर होता, पोरी.
पन लाजायचा.

आता ह्याला कुठं सोलून दावू?'

मी 'इतर अभिप्राय' उघडलं,
माइकचं बटण दाबून म्हटलं, बोला, तुमच्या भाषेत बोला.
ती चार मिनिटं बोलली.
तेलुगू, मधेच मराठी, शिवी कानडी,
जशी पूर्व भागातली कुठलीही गल्ली बोलते.
बोलताना तिचे हात रिकामे होते,
त्या दुपारी पहिल्यांदाच.

स्क्रीनवर उमटलं:
भाषा ओळखता आली नाही. कृपया पुन्हा बोला.

'काय म्हंतंय?'
'पुन्हा सांगा म्हणतंय.'
'कितव्यांदा?'

आणि तिनं नवं पान उचललं.

अशोक चौकात रिक्षाची वाट बघत होते
तेव्हा टॅबलेट थरथरला.
प्रति घर अपेक्षित वेळ: बारा मिनिटं.
आपला वेळ: त्रेपन्न.
नोंद संशयास्पद. मानधन स्थगित.
खाली 'मान्य' असं एकच बटण होतं.

मी शोधलं, वर-खाली बोट फिरवून,
चेकर कुठं बसतो ते.

मूळ प्रश्न अजून कोराच होता.
आकडा टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही.
पाच म्हणजे जास्त दुखतंय का कमी,
ते विचारायला मी कार्यालयात फोन लावला.
एका गोड, न थकणाऱ्या आवाजानं सांगितलं,
मराठीसाठी एक दाबा.

मी एक दाबला.
अजून दाबतेच आहे.