अनुकूल बाजू

चिठ्ठी उचलली, माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली.
फळ्यावर होळंबे सरांचं तिरकं अक्षर :
‘परदेशात प्रवेश गुणवत्तेनुसारच हवा.’
धारूरचं कॉलेज, पत्र्याचा हॉल,
प्रत्येकाला तीन मिनिटं, अडीचला घंटा.

मी तयारी करून आले होते.
वयाचे इतके गुण, तिशीनंतर दरसाल वजा.
पदवीचे इतके, भाषेचे इतके,
नवरा शिकलेला असला तर त्याचे वरून थोडे.
म्हणाले, वशिल्यापेक्षा आकडा बरा.
आडनाव ऐकून आकड्याची भुवई उडत नाही.
टाळ्या पडल्या.
हे मी मनापासून बोलत होते,
आजही बोलेन.

मग नुसरत पटेल उठली, प्रतिकूल.
हातात कागद नाही.
म्हणाली, माझ्या पणजोबाकडं
निजामाच्या अमलातला मुलकी दाखला होता.
बाहेरचे शिकलेले येतात, नोकऱ्या नेतात,
म्हणून इथल्यांसाठी तो कागद.
तेव्हा आपल्याला गुणवत्ता नको होती.
आता बाहेरचे आपण,
तर हवीशी झाली का?
हॉल हसला. मीही हसले,
आणि मुद्दा तळहातावर लिहून घेतला.

खंडनाला एक मिनिट.
उभी राहिले तर डोळ्यांपुढं
दसऱ्यानंतर आमच्या दारात आलेला मुकादम.
नवरा-बायको मिळून एक कोयता,
एका कोयत्याची एक उचल.
आईच्या मनगटांकडं बघत त्यानं
वय विचारलं, दिवस गेलेत का विचारलं,
विचारलं ते वडलांना.
राधाकाकूला त्या साली टोळीत घेतलं नाही.
काका वारलेले, जोडी मोडलेली,
अर्ध्या कोयत्याचा हिशेब कोण ठेवणार.
अख्ख्या फडात तिच्यासारखी मोळी
कुणी बांधत नव्हतं.
वाढं पिळून अशी गाठ मारायची
की कारखान्याच्या काट्यापर्यंत कांडं निसटायचं नाही.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

यातलं काहीच बोलले नाही.
बोलले ते असं :
निकष सगळ्यांना सारखे, मग अन्याय कुठाय?
घंटा झाली.

पहिला नंबर. फिरता करंडक,
वर्षभर घरी ठेवायचा, चेपला तर भरपाई.
होळंबे सर म्हणाले, तू आता कुठंही जाशील.
नुसरतनं टाळी दिली,
माझ्या तळहातावरची शाई तिच्या हाताला लागली.

रात्री आईनं पदरानं करंडक पुसला.
‘कशावर बोललीस माय?’
दुसऱ्या देशात कुणाला घ्यायचं, त्यावर.
‘मोळी बांधणारीला घेतात का?’
घेतात, हंगामापुरतं. मग परत धाडतात.
‘म्हंजी तसंच की,’ ती म्हणाली.
करंडक ज्वारीच्या कणगीवर ठेवून बघितला,
तिथं तो कलत होता,
मग खाली भिंतीला टेकवला.
‘अन् उचल किती देतात?’

मी सगळे आकडे आठवून पाहिले.