डावा पाय

कुतुबभाई टिनवाला जुन्या रेकॉर्डी मोजून विकतात,
ही मात्र त्यांनी तशीच दिली.
"महूच्या बंगल्यातनं आली, बेन. लेबल वाळवीनं खाल्लं.
कोई अंग्रेज़ी भजन होगा."

भाजीच्या पिशवीत, गिलक्यांवर आडवी,
सियागंजापासून घरापर्यंत मी तिला छातीशी धरून आणली.

लढाईच्या वर्षांत महूला कोण कोण येऊन गेलं.
कुणाच्या तरी ट्रंकेत आली असेल ही,
लोकरी मोज्यांच्या घड्यांत, आधी बोटीनं,
मग छोट्या लाइनीनं कालाकुंडचा घाट चढून.
परतताना ओझं नको म्हणून मागे राहिली.
किंवा माणूसच परतला नाही.

सुई ठेवली.
आधी नुसतं तळण.
मग टक, टक, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा
काठावरचा तडा हजेरी देतो.
त्याच्यामागे गिटार, तारेवर काहीतरी घासत जाणारं,
बाटलीची मान असेल, चाकूची पाठ असेल,
आणि एक माणूस.

तो एक ओळ म्हणतो.
तीच पुन्हा म्हणतो, पहिल्यांदा कुणी ऐकलीच नसल्यासारखी.
तिसरीत आपलं आपणच उत्तर देतो.

मला इंग्रजी येतं, बँकेपुरतं.
गाडी कळली. आई कळली.
आणि एक शब्द, जो मला दर वेळी 'दार' ऐकू येतो.
नसणार तो दार.

तडा बोटभर आत येऊन संपतो,
तेव्हा कळलं, खाली एक पाय आहे.
लाकडी फळीवर. बूट आहे, टाच ढिली झालेली.

आमचे अप्पा दिवसा मिलच्या टाइम ऑफिसात होते
आणि रात्री तुळसाबाई देवासकरांच्या पेटीवर.
अडतीस साली कंपनीचा साहेब आला,
स्टेशनसमोरच्या हॉटेलात खिडक्यांना गाद्या लावल्या,
तीन मिनिटांत राग आटपा म्हणाला.
दोनदा मेण वाया गेलं, आणि दोन्ही वेळा
अप्पांच्या डाव्या पायामुळे.
तो त्यांच्या सांगण्यातला नव्हताच.
तिसऱ्या खेपेला साहेबानं घोंगडीची चौघडी करून
स्वतः वाकून त्याच्याखाली सरकवली.

ती रेकॉर्ड घरात आहे.
बाईंचं नाव आहे, रागाचं आहे,
खाली बारीक अक्षरात: साथ, तबला व पेटी.
वाद्यं आपापली चालत आली होती जणू.
अप्पा गेल्यावर आई ती लावायची
आणि कर्ण्यात डोकं घालून बसायची.
पाय ऐकू यायचा नाही.
घोंगडी चांगली होती.

भाच्यानं परवा फोन कर्ण्यासमोर धरला.
फोननं थोडा वेळ गोल गोल विचार केला,
मग म्हणाला, सापडत नाही.
"जाऊ दे ना मावशी," भाचा म्हणाला, "कुणीतरी असेल."

कुणीतरी असेलच.
चौतीस वर्षं लेजर लिहिलं मी,
एक रकाना कोरा राहिला तरी शटर ओढू देत नसे.
वही काढली.
क्रमांक: मेणात खरवडलेला, चारशे सतरा ब.
वाद्य: गिटार.
गायक:

इथे पेन थांबलं. रेकॉर्ड पुन्हा लावली.
गाणं संपल्यावर तो खाकरतो,
खुर्ची कुरकुरते,
आणि पाय एकदा जास्तच पडतो.
संपलं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी पुढच्या रकान्यात गेले.
साथ: पाय, डावा.

उजवाही असेल. असू दे.

मग अप्पांची काढली,
तिच्या पाकिटावरही तेच लिहिलं,
खाली तारीख घातली, सही केली.
गायकाचा रकाना अजून कोरा आहे.
शटर उघडं आहे.