घराखालचं

वकीलबाईंचं पाकीट मंगळवारी आलं.
पूर : नाही. रस्ता : नगरपालिकेचा.
बोजा : एक, १९८८चा,
फिटलेला, खोडायचा राहिलेला.

कोळसा : आहे.
स्वयंपाकघराखाली एकशे चाळीस मीटरवर
एक थर, खणून रिकामा केलेला.
जमीन बसायची तेवढी बसून गेली, असं लिहिलंय.
ऱ्होंडा खोऱ्यात हे चालायचंच.

गेथिन म्हणाला, किंमत पाडून मागू.

मालकी-नोंदीत एल्युनेडबाईंच्या शेजारी
नवऱ्याचं नाव अजून तसंच;
मृत्यूचा दाखला जोडायचाय.
त्यांनी चहा दिला, आणि ओट्यावर
एक वाटाणा ठेवून बोट काढून घेतलं.
तो सावकाश खिडकीकडे घरंगळला.
"हे तुमच्या कागदात नसेल."

गेथिननं किमतीचा विषय काढला नाही.
काढला, पण
परतताना, गाडीत.